मार्मेलूचा डबा

आदेरितूला गावच्या स्मशानात पुरून महिना झाला, तेव्हा त्याच्या खोलीतला सोबती वाल्देमार त्याची पिशवी घेऊन त्याच्या आईच्या, देओलिंदाच्या दारात आला. दोघं इंग्लंडात एकाच कारखान्यात गाजरं धुवायचे. पोर पाय घसरून कालव्यात पडलं, एवढंच तिला फोनवर कळलं होतं.

तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. कपडे, दाढीचं सामान आणि अर्धी संपलेली एक काचेची बरणी. देओलिंदा शाळेत गेली होती दोनच वर्षं, पण बरणीवरची ‘मार्मलेड’ ही अक्षरं तिने बोट ठेवून लावली.

"ही तर आपली मार्मेलादा."

बोटावर घेऊन चाटलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. आत संत्र्याच्या साली होत्या, कडू. मार्मेलादा म्हणजे मार्मेलूची वडी. परसातलं ते पिवळं, कच्चं चावता न येणारं फळ ती दर ऑक्टोबरात साखरेत तासन्‌तास घोटायची, वड्या पाडायची आणि लेकाला डबे पाठवायची.

वाल्देमार म्हणाला, शब्द आपल्या भाषेतलाच. पूर्वी आपल्याकडून जहाजांनी वड्यांचे डबे तिकडे जायचे. पुढे त्या लोकांनी संत्र्याचं करायला घेतलं, नाव मात्र तेच ठेवलं. आदेरितू हे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायचा आणि सगळे त्याची टर उडवायचे. शेवटी मुकादम बाईने जाडजूड शब्दकोश आणून पाहिला आणि पोरगा खरं बोलतोय असं सगळ्यांदेखत कबूल केलं. त्याच संध्याकाळी त्याने ही बरणी आणली.

"हसला असेल."

"खूप. नंतर त्याला सगळे मार्मेलूच म्हणायचे."

"आणि मी ईस्टरला पाठवलेला शेवटचा डबा? खाल्ला का रे त्याने?"

वाल्देमारने मग सांगून टाकलं. ईस्टरपासून आदेरितू कामावर जात नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, जेवायचा नाही. डबा खाटेखाली तसाच, दोरीसुद्धा न सोडलेला.

"कालव्याला छातीएवढा कठडा आहे, मावशी. तिथून कोणी घसरून पडत नाही."

देओलिंदाने रिकामी पिशवी पुन्हा उलटी करून पाहिली.

"मग डबा कुठंय?"

"मी खाल्ला. तो गेल्यावर. दोन दिवसांत संपवला. का, ते मलाच ठाऊक नाही."

तिला त्याचा राग आला नाही. कठड्याचं पाद्रीबाबांच्या कानावर जाता कामा नये, एवढं तिने बजावलं; जीव दिलेल्यासाठी ते प्रार्थना म्हणायचे नाहीत, अशी तिला भीती होती. मग त्याच्यापुढे कोबीचं सूप आणि मक्याची भाकरी ठेवली आणि त्याचं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.

त्या वर्षी मार्मेलू झाडाखालीच कुजले. यंदा वड्या का नाही केल्या, असं शेजारच्या अल्झीराने विचारलं, तर देओलिंदा हात दुखतात म्हणाली.