जड पायडल

“उतर वो गोदे, झालं माह्यं,” आतून आमचे हे, डोमाजी, म्हणाले.

“गप बसा! दवाई सरल्याबिगर मी उतरत नाई.”

ओसरीत मागचं चाक उचलून बसवलेली सायकल, चाकाला डायनॅमो, तिथून वायर खिडकीतून आत, ह्यांच्या वाफेच्या मशीनला. लालबर्र्याच्या राइस मिलमध्ये माणसाने जन्मभर कोंडा गिळला. आता सकाळ-संध्याकाळ ती वाफ मिळाली नाही, तर ओठ निळे पडतात.

आमच्या वीरेंद्रने छपरावर सोलरची प्लेट लावून दिली होती. खोटं कशाला बोलू, उन्हाळाभर तिनेच तारलं. तिचे ना गुडघे दुखत, ना ती चहा मागत. पण श्रावणात बैहरकडून ढग उतरले ते हटेचनात. खांबावरची लाइन गेली, बॅटरीही मेली. पोरगा फोनवर म्हणतो, “आई, सोलर ज्यादा भरोसे का है, धूप आने दो.” अरे बाबा, तोवर तुझ्या बापाने श्वास रोखून धरायचा का?

मग राहिले कोण? मी. म्हातारपणी मेली ही सायकल नशिबी आली! पाय उचलताना रडू यायचं.

त्या संध्याकाळी मात्र पायडल एकदम हलकं झालं. टिनावर पाऊस असा बडवत होता, की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. वाटलं, अंगात कुठून बळ आलं! खुशीत भरभर मारत राहिले. तेवढ्यात शेजारची पौर्णिमा भाजी द्यायला आली, आत गेली आणि ओरडली, “काकी, मशीन तं बंद हाय! काका कसेतरी करून राह्यले!”

धावत आत गेले. ह्यांचं बोट बटणावरच होतं.

“बंद काहून केलं?”

“बंद केलं का पायडल हलकं होते,” ते धापा टाकत म्हणाले. “कालही घडीभर केलतं. तुह्ये गुडघे... खिडकीतून दिसते मले.”

इतका संताप आला, की जन्मात पहिल्यांदा मी त्यांना शिवी दिली. मग तोंडाला पदर लावून रडले. उरलेली दवाई पौर्णिमाने पायडल मारून दिली.

आता मशीन खिडकीत ठेवलं आहे, त्यांचा हात पोचत नाही अशा जागी. आजही ढगच आहेत. मी सायकलवर बसले, पाय मारायला लागले, गजातून हात घालून बटण दाबलं. पायडल जड झालं. गुडघ्यातून कळ गेली, आणि माझा जीव भांड्यात पडला.