चौकटीतली पुरचुंडी

मी पत्रा. छपरावर वाजतो तो नव्हे. मी रंगाऱ्याच्या मुठीत मावणारा, एके काळी चार बोटं रुंद असलेला, लवचिक पोलादाचा पत्रा. दाराखिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फट उरते. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी मी तिच्यात भरतो. वरून हात फिरवला तर लाकूड कुठं संपलं आणि भिंत कुठं सुरू झाली ते कळू नये, एवढंच माझं काम. काम छोटं आहे, पण मी भाग्यवान आहे. ते कसं, तेच सांगतो.

माझा जन्म उरणच्या बंदरातला. आधी मी करवत होतो. होड्यांच्या फळ्या कापता कापता माझे दात गेले, पण माझ्या आताच्या मालकाच्या, झहूरच्या अब्बांनी मला भंगारात टाकलं नाही. मधला तुकडा कापून घासला आणि त्याला बाभळीची मूठ बसवली. फळ्यांमधल्या फटी ते तेलात भिजवलेल्या कापसानं बुजवायचे. मी आधी जुना कापूस उकरायचो, शेवटच्या धाग्यापर्यंत. "जुन्यावर नवा भरशील," ते झहूरला म्हणायचे, "तर पानी तुला हसेल." करवतीचा पत्रा केला त्यांनी, तेव्हा त्यांचे उपकार मी कसे विसरेन?

अब्बा गेले. झहूर आखातात गेला आणि पाच वर्षं उंच इमारतींच्या खिडक्यांच्या फटी सिलिकॉनच्या बंदुकीनं बुजवत राहिला. मी ट्रंकेत पडून होतो. १९९५ साली तो परत आला तो डोक्यात एकच वेड घेऊन.

"खदीजा, तिकडं शेठच्या घरात धुळीचा कण शिरत नाही. मग आपल्या माणसाच्या घरात का शिरावा?"

"आधी आपल्या मोरीचं दार लागतंय का ते बघा!" त्याची बायको म्हणाली.

तो हसला. त्यानं मला ट्रंकेतून काढलं आणि मोरीच्या दारापासून सुरुवात केली.

मग नेरूळचं काम आलं. नंदकिशोर मूळचा तिथल्याच गावचा. नवी मुंबईसाठी जमीन गेल्यावर मिळालेल्या प्लॉटवर त्यानं तीन मजली इमारत उभी केली होती. घरं बारा. "पहिलं घर नमुना," तो म्हणाला. "त्याचे सांधे पावसात टिकले, तर बाकीची अकरा तुमची." झहूरनं होकार दिला. आखातातल्या मालकाच्या बोलावण्याचं पाकीट कपाटात पडलं होतं. हे काम हुकलं तर ते पाकीट उघडावं लागणार, पुन्हा विमान, पुन्हा वर्षंच्या वर्षं घरापासून ताटातूट, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या पहिल्या घरात नंदकिशोर आपल्या आईला, सुमित्राबाईंना घेऊन राहायला आला. जूनमध्ये सगळे सांधे टिकले, फक्त मुख्य दाराच्या डाव्या बाजूचा फुटला. झहूरनं मला लांबीत बुडवून तो बुजवला. जुलैमध्ये पुन्हा फुटला, पुन्हा बुजवला. ऑगस्टमध्ये भेगेतून लाल मुंग्यांची रांगच बाहेर पडली.

"काय झहूरभाई," नंदकिशोर म्हणाला, "तुमची कला वाळवंटातच चालते वाटतं? तिकडं पाऊस नाही ना, बरं असतं. आता शेवटचा चान्स. फुटला तर दुसरा माणूस बघतो."

त्या दुपारी झहूर सांध्यासमोर बसून राहिला. मग त्यानं लांबीचा डबा बाजूला सरकवला आणि मला कोरडाच भेगेत घातला. मला अब्बांचा हात आठवला. तो उकरत गेला, मी आत शिरत गेलो. एक थर, दुसरा थर, आणि मग काहीतरी मऊ लागलं.

"नको काढू रं बाला!" सुमित्राबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

तोवर मी हळदीनं पिवळी पडलेली एक ओली पुरचुंडी बाहेर ओढली होती. आत फुगलेले भाताचे दाणे, चिकट गूळ आणि मुंग्या.

"माजे शेतानचा शेवटचा भात हाय तो," त्या खाली बसल्या. "आता टेशन हाय ना, तिथं आमचा भात झोडायचा खला होता. चौकट पुजली तवा ठेवला गुपचूप. वीस वरसा डब्यात जपलेला."

"आणि गूळ कशाला, काकी?"

"मंग! देवाला कोरडा भात कोन देतं?"

झहूरला हसू आवरेना. त्याही हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "नंदूला नको सांगू. तो फेकून देल."

"भात राहू द्या, काकी. गूळ तेवढा मुंग्यांना देऊ."

चार दिवस ऊन पडलं. सुमित्राबाईंनी दाणे धुऊन गच्चीवर कडक वाळवले. झहूरनं घरून अत्तराची रिकामी बाटली आणली, दाणे तिच्यात भरले आणि तोंड सिलिकॉननं बंद केलं. बाटली फटीत ठेवली. भोवती अब्बांसारखा तेलात भिजवलेला कापूस ठासला, वर लांबी. मी शेवटचा हात फिरवत होतो तेवढ्यात नंदकिशोर आला.

"काय निघालं आत?"

"माझी चूक निघाली," झहूर म्हणाला. "आतलं न काढता वरून भरत गेलो."

"म्हणजे तीन महिने तुम्ही माझ्या दारावर शिकत होता? मग मी दुसरा माणूस बघतो."

 झहूर फडक्यानं मला पुसत राहिला, पुसून झालं तरी पुसत राहिला.

"नंदू, थांब," सुमित्राबाई म्हणाल्या. "त्याची चूक अर्धी. अर्धी माजी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. खला, डबा, गूळ, मुंग्या.

नंदकिशोरनं सांध्यावर तळवा ठेवला. बराच वेळ. मग खाली निघून गेला.

चार दिवसांनी तो झहूरच्या दारात उभा होता. हातात सुमित्राबाईंचा डबा, तळाशी मूठभर दाणे.

"झहूरभाई," तो म्हणाला, "अत्तराच्या रिकाम्या बाटल्या अजून अकरा मिळतील का?"

खदीजानं त्याच दिवशी आखाताचं ते पाकीट चुलीत घातलं.

आता चार पावसाळे झाले. झिजून मी दोन बोटं उरलोय. झहूरकडे नवे पत्रे आहेत, मी खिळ्याला टांगलेला असतो. जुनं उकरायची वेळ आली की मात्र तो मलाच उतरवतो. ज्यांनी मला घडवलं, राबवलं आणि म्हातारपणी टाकून दिलं नाही, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

तुमच्याकडे एकच मागतो. आज आपल्या दाराच्या चौकटीवरून एकदा बोट फिरवा. बोट कुठंच अडलं नाही, तर तिथं कुणीतरी मनापासून हात फिरवून गेलंय. त्या माणसाला एकदा आठवा. आणि अडलं, तर घाईनं वरून बुजवू नका. आधी आत बघा. कुणीतरी काहीतरी जपून ठेवलेलं असेल.