होल्गरची मुरलेली केबल

ऐकणं ही मानवजातीची सर्वोच्च कला आहे, आणि ती आज पृथ्वीवर फक्त पाच जणांना साधलेली आहे. हे पाचही जण स्वेनबोर्ग गावात राहतात. हे आमचं पाचांचं एकमुखी मत. आमच्या बायकांचं मत असं, की ‘कचरा बाहेर ठेवून ये’ हे वाक्य या पाचांपैकी एकालाही आजवर ऐकू आलेलं नाही.

आमचं श्रवण मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी, कोणाच्या तरी दिवाणखान्यात भरतं. आधी कॉफी आणि क्रिंगले नावाचा बदामाचा गोड पाव होतो. मग दोन स्पीकरांच्या बरोबर समोर एक खुर्ची मांडली जाते. तिच्यात एक जण बसतो, बाकीचे बाजूच्या सोफ्यावर, म्हणजे ऐकण्याच्या हिशेबाने जवळजवळ शेजारच्या देशात, स्वीडनमध्ये. मधल्या खुर्चीतला आधी बोलतो आणि तो बोलेल ते वहीत चढतं. अकरा वर्षं त्या खुर्चीत मी बसत आलो.

नव्या केबलसाठी आमचा नियम आहे. ती दोनदा ऐकायची. एकदा खोक्यातून काढल्या काढल्या आणि एकदा तीनशे तास वाजवून, मुरवून. हेरिंग मासा व्हिनेगरमध्ये मुरतो तशी तांब्याची तार आवाजात मुरते. ती पावावर ठेवून खाता येत नाही, एवढाच फरक.

ऑगस्टमध्ये मंडळातल्याच, माझ्या शेजारच्या होल्गरने स्पीकरची केबल आणली. मनगटाएवढी जाड, निळ्या रेशमी वेष्टणाची, आणि वीज चुकून उलटी जाऊ नये म्हणून वर बाण काढलेले.

“साधीच आहे रे,” होल्गर म्हणाला. “शेवटी तारच ती.”

आमच्याकडे फुशारकी मारणं असभ्य समजतात, त्यामुळे ती या सुरात मारावी लागते. होल्गर त्यातला उस्ताद.

पहिलं ऐकणं झालं. मी खुर्चीतून म्हणालो, “स्वच्छ आहे. पण अजून मोकळी झालेली नाही.” असं मी प्रत्येक नव्या केबलबद्दल म्हणतो, आणि आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. तेवढ्यात सोफ्यावरून होल्गर पुटपुटला, “दुसऱ्या फळीची व्हायोलिनं हातभर मागे सरकलीत, नाही का?”

मंडळाचा अध्यक्ष व्हेर्नर पूर्वी औषधांचं दुकान चालवायचा. त्याने डोळे मिटले. औषध मोजावं तसा क्षण मोजला.

“सरकलीत,” तो म्हणाला आणि त्याने ते वहीत लिहिलं. सोफ्यावरचं वाक्य! वहीत!

घरी जाऊन मी तीच तबकडी तीनदा ऐकली. व्हायोलिनं जिथल्या तिथे होती. माझ्या घरात त्यांना सरकावंसंही वाटत नव्हतं.

निघताना व्हेर्नर दारात म्हणाला होता, “पुढच्या वेळी खुर्चीचंही बघू, आस्गर. अकरा वर्षं झाली. पाठ दुखत असेल तुझी.”

“माझी पाठ ठणठणीत आहे.”

“तरी पण.”

आणि याच माणसाने, होल्गरने, चार दिवसांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. तो आणि त्याची बायको बिर्थ सुट्टीला मायोर्का बेटावर निघाले होते.

“तेरा दिवस अखंड वाजू दे,” तो म्हणाला. “मुरवायची तबकडी लावून ठेवलीय, नुसती खरखर आहे. तू फक्त रोज बघ, चालू आहे ना ते. तुझ्याशिवाय कोणावर सोडणार मी हे?”

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

त्यांची टॅक्सी वळणावरून गेली आणि मी आत शिरून बटण बंद केलं. गुन्हा म्हणावा एवढा आवाजसुद्धा झाला नाही. रोज सकाळी मी जायचो, केबल मुकी पडलीय याची खात्री करायचो आणि चांगल्या भुकेने घरी येऊन नाश्ता करायचो. माझा बेत सरळ होता. केबल होती तशीच राहणार. होल्गर उठून म्हणणार, वा, काय खुललीय! मग मी खुर्चीतून शांतपणे म्हणणार, तसूभरही फरक नाही. कान कोणाचे खरे, ते वहीत कायमचं राहील. ते परतायच्या सकाळी मी बटण पुन्हा दाबून ठेवलं.

सप्टेंबरचा दुसरा मंगळवार उजाडला. होल्गरचा दिवाणखाना. मी खुर्चीत बसलो. चेलो सुरू झाला.

मी तोंडात वाक्य तयार ठेवलं होतं. पण चेलो खोलीत येऊन बसला होता. गजाच्या केसांवरची राळ ऐकू येत होती. वादकाने श्वास घेतला तेव्हा त्याने कोट घातलाय हे मला कळलं. माझे डोळे भरून आले.

त्या क्षणी मला सगळा उलगडा झाला. कोणालाही वाटलं असतं, की तार मुरते हेच थोतांड. मी इतका कच्चा नाही. मला कळलं ते हे, की माझ्या केबलला तीनशे तास राबावं लागलं होतं आणि या होल्गरची केबल नुसती पडल्या पडल्या मुरते! असा जळफळाट मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. आणि मी गप्प राहिलो तर सोफ्यावरून तो बोलणार, खुर्ची जाणार.

मग मी बोललो. राळ सांगितली, श्वास सांगितला, कोट सांगितला. वाजवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याबद्दलही बोललो. व्हेर्नरने लिहिता लिहिता पान उलटलं.

“होल्गर, तुला काय वाटतं?” त्याने विचारलं.

“मी हेच म्हणणार होतो,” होल्गर म्हणाला.

“कोट पण?”

“कोट पण.”

खुर्ची माझ्याकडेच राहिली. चौघांनी हात वर केले, होल्गरने सगळ्यांत आधी. तरी माझं मन थंड होईना. खुर्ची माझी असून काय, केबल त्याची!

सगळे कोट चढवायला लागले तसं होल्गरने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

“एक सांगू? हसणार नाहीस ना?”

“बोल.”

“जूनमध्ये कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. माझे वरचे सूर गेले, आस्गर. व्हायोलिन वाजताना मला नुसतं दिसतं.”

“अरे, मग ती मागे सरकलेली व्हायोलिनं?”

“केबलच्या माहितीपत्रकात होतं. पान तीन.”

मी तोंड उघडलं. ते तेरा दिवस अगदी जिभेवर आले होते. पण त्याने ओट्यावरून किराणा मालाच्या यादीचा कागद ओढला, उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला.

“बिर्थला यातलं काही माहीत नाही. रोज जेवताना विचारते, काय फरक पडला केबलने? तू मघाशी बोललास ना, ते एवढं लिहून दे. जरा मोठ्या अक्षरांत.”