मितानाच्या खांद्यावरचा गमछा

नाक मुरडू नका मित्रांनो, मी एक जुना गमछा आहे. पांढऱ्याचा पिवळा झालोय, लाल काठ विटलाय, एका टोकाला हळदीचा डाग आहे. पण माझी गोष्ट ऐकली, तर तुम्ही मला पोतेरं म्हणणार नाही.

मागावरून उतरलो आणि केशोरीच्या बाजारात टिकारामच्या आईच्या नजरेत भरलो. तिचं माहेर छत्तीसगडचं. तिकडची रीत अशी, की दोन पोरांचा एकमेकांवर जीव जडला की त्यांना पाटावर बसवायचं, नारळ फोडायचा, गमछे बदलायचे आणि मितान करायचं. मग ते सख्ख्या भावापेक्षा जवळचे. मात्र मितानाचं नाव मरेस्तोवर तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'मितान' अशीच. शाळकरी टिकारामने मला आपल्या जिवलग दोस्ताच्या, उमेंद्रच्या खांद्यावर टाकलं आणि मी उमेंद्रचा झालो.

किती कामं केली म्हणून सांगू! धानाच्या रोवणीत घाम पुसला, बाजारातून वांगी बांधून आणली, उन्हात डोकं झाकलं. उमेंद्रच्या वरातीत टिकाराम मला हवेत फिरवत असा नाचला, की वाजंत्री थकले. मग उमेंद्रने किराणा दुकान टाकलं, त्याच्या खांद्यावर गुबगुबीत टॉवेल आला, आणि मी पेटीच्या तळाशी गेलो. वाईट वाटलं. का वाटू नये?

मला बाहेर काढलं ते थायलंडने. छोटेलाल नावाचा त्यांचा गोंदियाचा दोस्त, मोबाईलचं दुकान चालवणारा. त्याने फोनवर स्वस्तातली सहल शोधली. टिकाराम म्हणाला, मितान गमछा घेणार असेल तरच मी येतो. झालं, मी विमानात बसलो.

स्वस्ताईने पहिल्या दिवसापासून हात दाखवला. टिकारामची बॅग दुसऱ्याच गावाला गेली. हॉटेलच्या खोलीला खिडकीच नव्हती, पलंग एकच. तिघे आडवे झोपले आणि मी उशी झालो. छोटेलाल मात्र म्हणायचा, इतने पैसे में और क्या चाहिए.

खरं संकट बेटावर जायच्या सकाळी आलं. टिकारामला साखरेचा आजार. त्याने सवयीने इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि तेवढ्यात छोटेलालने घाई केली, बोट सुटेल. नाश्ता राहिला. बॅग हरवल्यामुळे त्याचं उरलंसुरलं सामान, साखर उतरली तर खायला ठेवलेला गूळसुद्धा, उमेंद्रच्या थैलीत होता. धक्क्यावर टिकारामने तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला आणि आपल्या गावच्या सवयीने पचकन थुंकला. गणवेशातला एक माणूस त्याच्याकडे वळला. दंड भरला असता तर मिटलं असतं. पण टिकाराम घाबरला आणि गर्दीत पळाला.

 मी उमेंद्रच्या खांद्यावर होतो, त्याच्या मानेवरचा गार घाम मलाच पुसावा लागला. सुई टोचलेली, पोट रिकामं, त्यात धावपळ. साखर उतरली तर माणूस जागच्या जागी कोसळतो, हे त्याला ठाऊक होतं. तो धक्क्यावरच्या चौकीत धावला. तिथल्या बाईने लाऊडस्पीकरवर सांगायला नाव विचारलं. उमेंद्रचे ओठ हलेनात. छोटेलाल ओरडला, बोल ना! तेव्हा मितान झाल्यापासून पहिल्यांदा त्याने ते नाव उच्चारलं.

स्पीकरवर परक्या उच्चारात पूर्ण नाव घुमलं. पुन्हा घुमलं. कोणी आलं नाही. येणार कसा? पूर्ण नावाने त्याला बोलावतं कोण? तहसीलचा बाबू, नाहीतर पोलीस. आपल्याला पकडायला बोलावतात असं समजून टिकाराम मासळीच्या टोपल्यांमागे आणखी आत सरकला होता. हे त्याने नंतर छोटेलालला सांगितलं, म्हणून मला कळलं.

उमेंद्रच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. त्याने बाईच्या हातातून माईक घेतला. "मितान! कुठी आहेस गा?"

टोपल्यांमागून टिकाराम भेलकांडत निघाला. ओठ पांढरे, कपडे घामाने निथळत होते. दोन पावलांत तो खाली बसला. उमेंद्रने त्याच्या तोंडात गुळाचा खडा सरकवला आणि माझ्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. हळूहळू त्याची नजर थाऱ्यावर आली. मला वाटलं, आता गळ्यात पडतील.

"मावं नाव काऊन सांगलास?" टिकाराम म्हणाला.

"जीव जाऊन राहिला होता तुवा."

"मितान असतास तर आधी स्वतः हाक मारली असतीस."

 परतीच्या विमानात दोघांच्या मध्ये छोटेलाल बसला. गोंदियाच्या स्टेशनबाहेर टिकारामने आपली पिशवी उचलली आणि म्हणाला, "येतो मी, उमेंद्रभाऊ."

उमेंद्रने मला इतकं घट्ट मुठीत धरलं, की माझी शिवण उसवली.

तेव्हापासून मी दुकानातल्या खुंटीवर आहे. धूळ बसली तर बसू द्या, फाटलो तर एखादा टाका घाला, माझी तेवढीच मागणी. पण मित्रांनो, जिवाच्या माणसाला शोधायची वेळ आली, तर ते काम दुसऱ्याच्या तोंडी देऊ नका. आधी आपण हाक मारा. आणि तुमच्यापैकी कोणी केशोरीचं असेल, तर टिकारामच्या अंगणात जाऊन एवढं सांगा. परवा दुकानात शामकलावहिनींनी आपल्या नवऱ्याला, उमेंद्रला विचारलं, टिकारामभाऊ अलीकडे येत नाहीत का. उमेंद्र तांदूळ मोजत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मितान ना? येईल."