हॉलचा नववा नियम

भाईंना मी माफ केलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नंतर कोणी म्हणायला नको की सहदेव कारकून मऊ पडला.

आमच्या गावच्या हायस्कूलचा हॉल पंचावन्न साली झाला. त्याचे चिरे खाडीपलीकडून आमच्याच होडीतून आले. भाई तेव्हा शाळा कमिटीचे चिटणीस. माडांची बागायत, अंगात कोट, आणि बोलणे असे की समोरच्याने आपोआप चपला काढाव्यात.

माझा बापूस गुणाजी. मासेमारी हा धंदा आणि दशावतार हे वेड. जत्रांच्या दिवसांत तीस वर्षे त्याने संकासुर राक्षसाचे सोंग केले. पुढे दम्याने धरले. दशावतार चालतो देवळासमोर उघड्यावर, रात्रभर. डॉक्टरने दवात उभे राहायला सक्त मनाई केली. तेव्हा बापूस म्हणाला, "एकच खेळ करतंय, त्या हॉलात, छपराखाली. मगे तोंडाक रंग लावचंय नाय."

छप्पन्न साली आम्ही दोघे अर्ज घेऊन भाईंकडे गेलो. बाहेरच्या मंडळींना हॉल भाड्याने देण्याचे आठ नियम होते. त्यांतला एक भाईंनी वाचून दाखवला: दिवेलागणीआधी हॉल रिकामा झाला पाहिजे. त्यांना वाटले, विषय संपला. पण बापूस म्हणाला, "दिवसा करूया."

दिवसाढवळ्या दशावतार म्हणजे लोकांनी हसायचेच काम. त्यालाही माणूस तयार झाला, तरी भाईंना दया आली नाही. त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत टाक उचलला आणि खाली नववा नियम लिहिला. हॉलमध्ये नारळ ठेवणे, गाऱ्हाणे घालणे वा कोणताही धार्मिक विधी करू नये. केल्यास कार्यालयाने कार्यक्रम तिथल्या तिथे बंद करावा.

आमच्याकडे गाऱ्हाणे घातल्याशिवाय होडीसुद्धा पाण्यात लोटत नाहीत. नारळ ठेवून देवाला साकडे घातल्याखेरीज कुठला दशावतारी तोंडाला रंग लावणार? भाईंना ते पक्के ठाऊक होते. "शाळा आहे ही, देऊळ नव्हे. नियम म्हणजे नियम, गुणाजी," ते म्हणाले. बापसाने हात जोडले आणि परत फिरला. पुढच्या श्रावणात तो गेला. खेळ राहिला तो राहिलाच.

मी मॅट्रिक होऊन त्याच शाळेत कारकून म्हणून चिकटलो. हॉलच्या नियमांचे पुस्तक माझ्या टेबलावर आले. तेव्हापासून मी ते रोज पुसून ठेवले.

चौसष्ट साली भाईंना एकसष्टावे लागले. कमिटी त्यांनी कधीच सोडली होती. गावाने सत्कार समिती काढली, मुंबईहून पाहुणे बोलावले, आणि हॉलसाठी अर्ज माझ्याकडे आला. हेडमास्तर म्हणाले, "भाईंना कसला अर्ज नि कसले नियम?" मी म्हटले, "सर, नियम सगळ्यांना सारखे, नाहीतर उद्या कोणीही येईल." त्यांनी मान डोलावली आणि पुस्तकात नियमांखाली सही केली. भाईंनीही केली, न वाचता. आपणच लिहिलेले कोण वाचतो? मी हसून म्हटले, "शुभेच्छा, भाई." तोंडात साखर होती. पोटात काय होते ते माझे मला माहीत.

त्या दुपारी हॉल गच्च भरला. चारशे माणसे तरी असतील. मी नियमांचे पुस्तक घेऊन दाराशी उभा राहिलो. मला घाई नव्हती. मालवणी माणूस गाऱ्हाण्यावाचून सत्कार घेणार नाही, याची मला खात्री होती.

आणि झाले तसेच. देवळात गाऱ्हाणे घालणारा गणपत स्टेजवर आला. त्याने पाटावर नारळ ठेवला, हात जोडले. भाई त्याच्या शेजारी डोळे मिटून उभे.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान जा काय कार्य मांडल्यान हा, ता गोड करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चारशे तोंडांतून आले.

"आणि ह्या लेकराच्या हातून आजपावत जी काय चूक झाली आसात..."

"बंद करा!" मी ओरडलो. सरळ स्टेजवर चढलो, पुस्तक उघडले आणि नववा नियम खणखणीत आवाजात वाचला. खाली सही कोणाची, तेही वाचले. मग म्हटले, "नियम म्हणजे नियम, भाई. शाळा आहे ही, देऊळ नव्हे."

काय चेहरा झाला त्यांचा! तो पाहून मला इतके बरे वाटले की आठ वर्षांत तसे वाटले नव्हते. अर्धे मोडलेले गाऱ्हाणे म्हणजे मोठा अपशकुन. त्यावर सत्कार कसला होतोय! लोक भराभर उठले. हेडमास्तर स्वतःची सही बघत राहिले. भाईंनी मला वाट दिली आणि मागच्या दाराने घरी गेले.

मी ऑफिसात येऊन पुस्तक कपाटात ठेवत होतो तेवढ्यात गणपत आला.

"पाळलंस नियम? आता पुढचा आयक. काल भाईन माका घराक बोलवन सांगितल्यान, 'गणपत, गाऱ्हाण्यात गुणाजीचा नाव घे. त्याका मी ह्या स्टेजार पाय ठेवूक दिलंय नाय, ती माझी चूक. सगळ्यांसमोर म्हण.' तुझ्या बापाशीचा नाव माझ्या जिभेर होता रे, सहदेवा."

"मगे आठ वर्सा खंय होतो तो?" मी म्हटले.

"ता त्याका इचार," म्हणून गणपत गेला.

मी विचारायला गेलो नाही. भाईंवरचा राग अजून आहे, मरेपर्यंत राहील. पण त्या दिवशी मी ऑफिसचे दार आतून लावले आणि ढसाढसा रडलो. त्या स्टेजवर माझ्या बापाचे नाव घेतले जाणार होते, चारशे माणसे त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणणार होती, आणि मीच मधे पडून ते थांबवले.