मागच्या माणसाचा रुमाल

भटकंती मंडळाच्या दोन्ही गाड्या चौकात थांबल्या आणि माणसं हसतखिदळत उतरू लागली, तेव्हा कुलूपवाला दुकान बंद करून बायकोची वाट बघत उभा होता. पहिली गाडी रिकामी झाली. दुसरीही झाली. त्याने आत डोकावून पाहिलं. सीटवर कोणाची तरी टोपी राहिली होती, बाकी काही नाही.

"आमची कुठाय?"

"सगळे आलेत की," कप्तान म्हणाला. "रुमाल आलाय ना!"

रुमालाची ही रीत कप्तानानेच घातलेली. निवृत्त साहेब, भटकंती मंडळाचा सर्वेसर्वा. सकाळी समुद्राच्या कडेने चालायचं, दुपारी खाडीपाशी आत वळायचं आणि शेतांमधून डांबरी रस्त्याला लागायचं. सगळ्यांत मागे चालेल त्याच्या हातात लाल रुमाल. शेतांत गुरं शिरू नयेत म्हणून वाटेतली फाटकं त्यानेच लावायची. रुमाल गाडीपाशी पोचला म्हणजे सगळे पोचले, डोकी मोजायची कटकट नाही. मागे राहायची हौस कोणालाच नव्हती, म्हणून ते काम कुलूपवाल्याच्या बायकोच्या गळ्यात पडलं आणि कायमचं तिचंच झालं.

दिवस मावळताना ती एका गुराख्याला सापडली, खाडीवरच्या फाटकाच्या अलीकडे. फाटक नीट लावलेलं होतं. "छातीत कळ आली असणार," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलं असतं तर..." तिचे बूट पायांत नव्हते. नर्सने ते पिशवीत घालून त्याच्या हातात दिले. ही बुटांची गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

रुमाल कोणी आणला, एवढंच त्याला हवं होतं. गाडीच्या आरशाला तो लटकत होता, हे सगळे सांगत. कोणी लटकवला, ते कोणालाच आठवत नव्हतं. मंडळातलं कोणी किल्ली करून घ्यायला आलं की कानस चालवता चालवता तो विचारायचा. हळूहळू ती गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली.

टिकली ती फक्त मेहुणी. तीही मंडळातलीच, पण ती म्हणाली होती, "मी पुढे होते हो, कप्तानांबरोबर." ती रोज डबा आणून द्यायची. "दोन घास खा, भाऊजी. ताई असती तर रागावली असती." त्या डब्यावरच त्याने वर्ष काढलं. जगात आपलं म्हणावं असं एक माणूस उरलंय, असं त्याला वाटायचं.

वर्ष सरल्यावर कप्तान दुकानात आला. "वहिनींच्या आठवणीत त्याच वाटेने जातोय. रुमाल तुमच्या हातात."

कुलूपवाल्याने कधी त्या जागी पाऊल टाकलं नव्हतं. तो हो म्हणाला. त्या फाटकापाशी कोणाची मान खाली जाते, ते त्याला बघायचं होतं.

सकाळभर डाव्या हाताला समुद्र होता. वाट कड्याच्या काठाने वर-खाली होत होती. वारा इतका की बोलणं तोंडातच राही. "काय कुलूपवाले, गुडघ्यांना तेल घालून आणलंय ना?" कप्तान पुढून ओरडला. सगळे हसले, मग कशासाठी आलोय ते आठवून गप्प झाले. खाडीपाशी वाट आत वळली आणि वारा पडला. चिखल, कापलेलं शेत, एक फाटक, पुन्हा शेत. प्रत्येक फाटक तो लावत गेला. आपल्या बायकोने इतकी वर्षं सगळ्यांच्या पाठी बघितल्या, हे त्याच्या आज ध्यानात आलं.

त्या फाटकापाशी कप्तानाने छोटं भाषण केलं. सगळ्यांनीच माना खाली घातल्या. कोणाकडे बघायचं? मग डबे उघडायची वेळ झाली म्हणून माणसं पुढे निघाली. कुलूपवाला खांबाला हात लावून उभा राहिला. मेहुणी मागे थांबली.

"तिथे नाही, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "त्या दगडावर बसली होती. पाय सुजलेत म्हणून बूट काढले, आणि..."

त्याने हात खांबावरून काढला.

"बुटांचं तुला कोणी सांगितलं?"

मेहुणी रडू लागली.

"रुमाल तू नेलास."

"तिनंच दिला, भाऊजी! म्हणाली, तू हो पुढे, दम खाऊन येते. मी पोचले तर कप्तानांनी रुमाल बघितला आणि चला चला सुरू केलं. मला वाटलं, ती मागून येऊन दुसऱ्या गाडीत बसली असेल."

"वाटलं? फाटक लावलंस ना तिच्या तोंडावर?"

"लावायचं असतं ना..."

"आणि वर्षभर मला खाऊ घातलंस."

"काय करणार होते मी? सांगितलं असतं तर तुम्ही दारात उभं केलं नसतंत."

"बाकीच्यांना ठाऊक आहे?"

तिने पुढे गेलेल्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हो पुढे," तो म्हणाला. बायको हेच म्हणाली होती. मेहुणी गेली. या खेपेलाही तिने मागे वळून पाहिलं नाही.

तो दगडावर बसला. रुमाल खिशात घातला. बसू देत वाट बघत. ऊन उतरलं, गुरं परतू लागली, पण त्याला बघायला कोणी आलं नाही. शेवटी तोच उठला आणि फाटक उघडं टाकून चालू लागला.

रस्त्यावर गाड्या सुरू करून ठेवलेल्या होत्या. कप्तान तावातावाने पुढे आला. "अहो, किती वेळ! रुमाल कुठाय?"

त्याने रुमाल दिला. "चला, आले सगळे," कप्तान म्हणाला आणि दार लावलं. या खेपेलाही डोकी मोजली नाहीत.

घरी ओट्यावर मेहुणीचा कालचा डबा होता. त्याने तो घासला, पुसला, झाकण लावलं. त्यानंतर मेहुणी आली नाही आणि तोही गेला नाही. डबा परत करायचा राहिला आहे.