कोरी रेघ

संगीताने गंधकाची वडी दोन तांब्याच्या तारांमध्ये दाबून बसवली, नळीचं झाकण घट्ट आवळलं आणि मागे सरून बटण दाबलं. शेड हादरली. दाबलेल्या हवेने फेकलेली चकती वडीवर जाऊन आदळली, आणि वीज मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ एकदम वर चढली.

"आली!" तिच्या मार्गदर्शक सुरभी मॅडमनी टाळी वाजवली.

एरवी गंधकातून वीज जात नाही. जबर धक्क्याने चेपलं गेलं की निमिषभर जाते का, हे संगीता वणीच्या कॉलेजात दोन वर्षं मोजू पाहत होती. दर वेळी तारा आधीच तुटत. प्रयोग साधला नाही, तर उमरखेडच्या शाळेतली नोकरी हाताशी होती. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तिला घरी न्यायला आई, सुखीबाई, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून आली होती आणि दाराशी स्टुलावर बसली होती.

"आता हे लिहून पाठवू," मॅडम म्हणाल्या.

संगीता पडद्याकडेच बघत राहिली. "मॅडम, धक्क्याने ताराच एकमेकींना चिकटल्या असतील तर?"

मॅडमचा चेहरा उतरला. "मग हे सगळं खोटं."

"गंधकाच्या जागी नायलॉनची वडी लावते. त्यातून वीज जायचीच नाही. तरीही रेघ चढली, तर चूक तारांची."

"नोकरीचं आज कळवायचंय तुला. आहे ते राहू दे ना."

संगीताने मान हलवली. नायलॉनची वडी आणि नव्या तारा लावताना एक तार तिच्या हातून दोनदा निसटली.

पुन्हा शेड हादरली. संगीताने डोळे मिटून घेतले होते. उघडले, तर पडद्यावर रेघ सरळ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आडवी. ती रडायला लागली.

सुखीबाई लगबगीने उठून आली. मॅडमनाही कळावं म्हणून गोरबोली, म्हणजे घरची बंजारा बोली, सोडून मराठीतच बोलली.

"काहीच नाही आलं का वं? जाऊ दे. उमरखेडची शाळा हाये ना. कायले रडतं?"

"याडी, काहीच नाही आलं," संगीता आईला हसत, नाक पुसत म्हणाली. "हेच पायजे होतं. म्हणजे मघाचं खरं होतं."

सुखीबाईने पडद्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"शाळेले काय सांगतं मंग?"

"नाही म्हणून सांगते."

सुखीबाईने कमरेचा मोबाईल काढला, शेडबाहेर उन्हात जाऊन नवऱ्याला, हरिसिंगला, फोन लावला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात गोरबोलीत कौतुकाने सांगू लागली, की पोरीचं काहीच आलं नाही, एकदम कोरं, आणि आपण एकटीच परत येतोय, जेवायला थांबा.